उचललेलं कलम कुठे ठेवायचं?

ज्या मुस्लिम घरात बौद्धिक अपंगत्व असलेलं मूल आहे, त्या घरात एक हदीस कधी ना कधी कुणीतरी ऐकवतंच. अबू दाऊद, तिर्मिजी, इब्न माजा अशा मोठ्या संग्रहांत ती आहे. आशय असा, की तिघांवरून कलम उचललेलं आहे. झोपलेल्यावरून, तो जागा होईपर्यंत. लहान मुलावरून, ते वयात येईपर्यंत. आणि ज्याची बुद्धी जागेवर नाही त्याच्यावरून, ती जागेवर येईपर्यंत. कलम म्हणजे माणसाची बरीवाईट कृत्यं लिहून ठेवणाऱ्या फरिश्त्यांचं कलम. ते उचललं म्हणजे हिशेब थांबला. नमाज चुकली तर गुन्हा नाही, रोजा मोडला तर गुन्हा नाही, तोंडातून शिवी गेली तर कयामतच्या दिवशी तिचा जाब नाही.

मी साहित्य वाचणारी मुलगी आहे, आलिमा नाही. फतवा काढणं माझं काम नाही. पण एखादं वाक्य काय म्हणतं, काय म्हणत नाही आणि लोक त्याच्या तोंडी काय घालतात, हे बघणं टीकेचं काम आहे. इथे मी तेच करणार आहे. आधी हे वाक्य आणि त्याच्या आजूबाजूचे काही प्रसंग, मग एक कथा आणि दोन चित्रपट. सगळ्यांना विचारायचा प्रश्न एकच: कलम उचललं, पण ते ठेवलं कुठे?

यादीतला क्रम बघा. पहिला आहे झोपलेला माणूस. म्हणजे तुम्ही, मी, मौलाना, काझी, सगळेच. रोज रात्री काही तास आपल्या सगळ्यांवरून कलम उचललेलं असतं. दुसरं आहे लहान मूल. तेही आपण सगळे एकेकाळी होतो. तिसरा येतो तो या दोघांच्या रांगेत बसून. त्याच्यासाठी वेगळं वाक्य नाही, वेगळा सूर नाही, दयेचं विशेषण नाही. झोपण्यात लाज नाही, लहान असण्यात लाज नाही, तशी यातही नाही. हे वाक्य माणसाची किंमत सांगत नाही, फक्त त्याची वही बंद आहे एवढंच सांगतं. आपण मात्र ‘हिशेब नाही’ याचा अर्थ ‘हिशेबात नाही’ असा करतो. वाक्यात नसलेली गोष्ट तिथे घुसते ती इथे.

आता ‘पर्यंत’ या शब्दाकडे या. तिघांनाही मुदत आहे. झोपलेला उठतो, मूल मोठं होतं, वेडाचा झटका आलेला माणूस बरा होऊ शकतो. पण डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेल्या मुलाचं काय? त्याची बुद्धी कुठे गेलेली नाही, त्यामुळे ती परत यायचा प्रश्नच नाही. तो आजारी नाही. त्याची समज वेगळ्या वेगानं वाढते आणि वेगळ्या जागी थांबते, एवढंच. बौद्धिक अपंगत्व आणि मानसिक आजार या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे दोन्हींना ‘येडा’ हा एकच शब्द पुरतो, ही आपल्या भाषेची अडचण आहे.

जुन्या फकीहांची भाषा याबाबतीत आपल्यापेक्षा बारीक होती. बुद्धी गेलेल्याला ते ‘मजनून’ म्हणत आणि समज थोडी असलेल्याला ‘मातूह’. बहुतेक हनफी फकीहांनी मातूहला समजू लागलेल्या लहान मुलाच्या जवळ बसवलं. म्हणजे नमाज त्याच्यावर सक्तीची नाही, पण त्यानं पढली तर ती नमाजच. कुणी भेट दिली तर ती तो स्वतः स्वीकारू शकतो. मोठा सौदा मात्र पालकाशिवाय नाही. आजचं विशेष शिक्षणही वेगळ्या रस्त्यानं इथेच पोचतं. बौद्धिक अपंगत्व सौम्य, मध्यम, तीव्र असं असतं आणि त्यातल्या बहुतेकांचं सौम्यच असतं. ज्याला कळतं, त्याला त्याच्या कळण्याएवढी जबाबदारी देता येते. सगळ्यांना एकाच खोक्यात बंद करायची गरज जुन्या पुस्तकांनाही वाटली नव्हती.

गरज वाटते ती आपल्याला. मी महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात वाढले. पोलादपुरातून आंबेनळी घाट चढायला लागलं की सुमारे ४० किलोमीटरवर महाबळेश्वर. या घाटाचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाला प्रतापगड आठवतो, १६५९ आठवतं, आणि ‘मुसलमान’ या शब्दाची गोष्ट अफझलखानापाशी येऊन संपते. घाटाच्या पायथ्याशी, पाऊस लागला की दरडीच्या भीतीनं रस्ता बंद व्हायची वाट बघणाऱ्या घरांत कोण राहतं, याची गोष्ट मला शाळेच्या पुस्तकात कधी भेटली नाही. कोकणी मुसलमानांचं घर मराठी कथेत दिसलं ते हमीद दलवाईंमुळे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस. १९६५ साली त्यांची ‘इंधन’ कादंबरी आली. त्यानंतर या घरांच्या आत डोकावणारं लेखन वाढायला हवं होतं, तेवढं ते वाढलं नाही.

अशाच एका घरात माझी खाला राहते. तिचा मुलगा २२ वर्षांचा आहे. दाढी येते, ती खाला करून देते. त्याला माणसं ओळखता येतात, रस्ता ओळखता येत नाही. घरी येणारा प्रत्येक पाहुणा तिला सांगतो, “मासूम आहे, सीधा जन्नतमध्ये जाईल, तुलाही घेऊन जाईल.” बोलणारा मनापासून बोलतो. मग चहा पिऊन निघून जातो. एकदा असाच पाहुणा गेल्यावर खाला कप उचलत मला म्हणाली, “त्याचं कलम उचललंय, मान्य. माझं कुठं उचललंय? आणि ह्यांचं?”

मला वाटतं, या विषयावरची सगळ्यात नेमकी टीका ही आहे. हदीस एका माणसाला मोकळं करते आणि ऐकवणारे तिच्या आडून स्वतःला मोकळं करून घेतात. ‘अल्लामियांकी गाय’ म्हटलं की त्या मुलाला शिकवायचं ओझं उतरतं, त्याच्यासाठी जागा करायचं ओझं उतरतं, आईला दोन तास सुटी द्यायचं ओझं उतरतं.

संगोपनाचा प्रश्न इथूनच सुरू होतो. मूल वयात येतं ते शरीरानं. शरीर कलमाची वाट बघत नाही. स्वच्छता, कपडे, कुणाला हात लावायचा आणि कुणाला लावू द्यायचा नाही, मुलींच्या बाबतीत पाळी, हे सगळं शिकवावंच लागतं. हिशेब नाही म्हणून ते शिकवणं टळत नाही. उलट ज्याला पापाचा धाक नाही, त्याला सवयीनं आणि मायेनंच शिकवावं लागतं. वुजू करायला तो शिकला, तर तोंड, हात, पाय धुण्याचा एक क्रम त्याच्या अंगवळणी पडतो. खालाच्या मुलाला तो क्रम येतो. नमाजीत किती रकात झाल्या ते त्याला सांगता येत नाही. पण वुजूत पाय शेवटी धुवायचे हे तो कधी विसरत नाही.

आणखी एक हदीस अशा घरांत वापरली जाते. मुलांना सातव्या वर्षी नमाज सांगा आणि दहाव्या वर्षी ऐकलं नाही तर शिस्त म्हणून मारा, अशा आशयाची. ती ज्याला समजतं त्या मुलाबद्दल आहे. ज्याच्यावरून कलम उचललंय, त्याच्या अंगावर छडी उचलायला धर्मातला कुठला आधार उरतो? जाब नाही तिथे शिक्षा कशी असेल? ही दोन वाक्यं एकत्र वाचली तर उत्तर सरळ आहे. सुटी सुटी वाचली की एक वाक्य पाहुण्याच्या सोयीचं होतं आणि दुसरं छडीवाल्याच्या.

कलम उचलणं ही नुसती सांत्वनाची भाषा नव्हती, हे दाखवणारा एक प्रसंग अबू दाऊदमध्येच आहे. खलिफा उमर यांच्यासमोर व्यभिचाराच्या आरोपाखाली एका वेड्या बाईला आणलं गेलं. लोकांशी सल्लामसलत झाली आणि तिला दगडांनी मारायची शिक्षा ठरली. लोक तिला घेऊन निघाले होते. वाटेत अली भेटले. त्यांनी तिला परत न्यायला सांगितलं आणि उमर यांच्याकडे जाऊन हीच तीन जणांची गोष्ट आठवण करून दिली. उमर यांनी तिला सोडून दिलं.

हा प्रसंग मी वाचते तेव्हा मला दोन गोष्टी दिसतात. एक, वाक्य सगळ्यांना पाठ होतं, तरी ते वेळेवर कुणालाच आठवलं नाही. एका माणसानं मध्ये पडून आठवण द्यावी लागली. म्हणजे तिच्यावरून उचललेलं कलम त्या क्षणी न्याय करणाऱ्यावर आणि बघणाऱ्यांवर आलं होतं. दोन, या कथनात त्या पुरुषाबद्दल कुणी विचारत नाही. तो कोण होता, तिला काय समजत होतं, ती ‘हो’ म्हणू शकत होती का? आजच्या वाचकानं हा प्रश्न विचारायलाच हवा. भारतीय कायद्यानं २०१३ च्या दुरुस्तीनंतर मानसिक किंवा शारीरिक अपंगत्व असलेल्या बाईवरच्या बलात्काराला अधिक गंभीर गुन्ह्यांत धरलं. तिची वही बंद आहे, त्याची उघडी आहे.

कलम पालकांकडे येतं, हे कुरआनही बोलून दाखवतो. चौथ्या सूरेच्या सुरुवातीला, ज्यांना व्यवहाराची समज नाही त्यांच्या हाती मालमत्ता सोपवू नका, पण त्यातून त्यांना खायला द्या, कपडे द्या आणि त्यांच्याशी चांगलं बोला, अशी आज्ञा आहे. शेवटचा भाग बघा. पैशाच्या व्यवहाराबद्दलच्या आयतीत बोलण्याच्या पद्धतीची अट घातली आहे. नीट जेवायला घालून वर घालूनपाडून बोलणारं घर या आयतीत नापास होतं.

कोकणातल्या वाचकांसाठी याहून जवळचं उदाहरण जकातचं आहे. भारतातले बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी, पण आपण कोकणी मुसलमान बहुतांश शाफई. हनफींच्या मते जकात ही इबादत आहे, म्हणून लहान मुलाच्या आणि बुद्धी नसलेल्याच्या साठवलेल्या पैशावर ती नाही. शाफईंच्या मते ती आहे. त्याच्यावर नमाज नाही, रोजा नाही, पण त्याच्या नावावर पैसा असेल तर त्यातला गरिबाचा हक्क कायम आहे आणि पालकानं तो भरायचा आहे. वरवर हा कोरडा हिशेबाचा वाद आहे. मला त्यात शाफईंनी या मुलाला दिलेली जागा दिसते. पापाच्या वहीत त्याचं पान नाही, पण समाजाच्या देण्याघेण्याच्या वहीत आहे. तो घेणारा आहे तसा देणाराही आहे. ‘बिचारा’ या शब्दाला याहून चांगलं उत्तर मी वाचलेलं नाही.

मग मशिदीत तो कुठे असतो? इथे परंपरेत दोन आवाज आहेत. इब्न माजामध्ये एक कथन आहे, त्यात लहान मुलांना आणि वेड्यांना मशिदीपासून दूर ठेवायला सांगितलं आहे. हदीसच्या जाणकारांनी ते कमजोर ठरवलं आहे. दुसरीकडे बुखारी आणि मुस्लिम या सर्वांत भरवशाच्या दोन संग्रहांत प्रेषित आपल्या छोट्या नातीला, उमामाला, अंगावर घेऊन नमाज पढवताना दिसतात. मूल रडल्याचा आवाज आला की आईच्या काळजीनं नमाज आवरती घेताना दिसतात. आणि मुस्लिममध्ये एक बाई आहे. तिच्या बुद्धीत काही कमी होतं. ती येऊन म्हणते, मला तुमच्याशी काम आहे. प्रेषित तिला सांगतात, तुला हवी ती गल्ली सांग. आणि तिचं बोलणं संपेपर्यंत तिच्याबरोबर रस्त्यात थांबतात. तिला काय हवं होतं, हे त्या कथनात सांगितलेलंच नाही. मला ते फार आवडतं. तिची मागणी शहाणपणाची होती की नाही, याची तपासणी कुणी केली नाही. तिला वेळ दिला आणि जागा तिला निवडू दिली.

कमजोर कथन विसरलं गेलं असतं तर प्रश्न नव्हता. पण सफेत मोठ्यानं आवाज काढणाऱ्या मुलाकडे चार जण वळून बघतात, सलाम फिरवल्यावर एक जण बापाच्या कानाशी लागतो, आणि पुढच्या जुम्म्याला बाप एकटाच येतो. कुणी मनाई केलेली नसते. माझ्या तालुक्याला कागदावरचा हक्क आणि पायाखालचा रस्ता यांतलं अंतर शिकवायची गरज नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेनं चवदार तळं १९२४ साली खुलं केलं. तरी ओंजळभर पाणी प्यायला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तळ्यापर्यंत चालत जावं लागलं. जातीची अस्पृश्यता आणि अपंग मुलाला टाळणं एक नाही, त्यांची तुलना करून कुणाचंही दुःख लहान करायचं नाही. पण ‘मनाई कुठे आहे?’ असं विचारून हात झटकणाऱ्यांना महाडनं एकदा उत्तर दिलेलं आहे.

आता गोष्टींकडे येते. अशा माणसांबद्दल सांगताना आपल्या कथा आणि चित्रपट हे कलम कुठे ठेवतात?

सआदत हसन मंटोची ‘टोबा टेक सिंह’ तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. फाळणीनंतर दोन-तीन वर्षांनी दोन्ही सरकारं ठरवतात, की कैद्यांप्रमाणे वेड्यांचीही अदलाबदल करायची. मुसलमान वेडे पाकिस्तानात, हिंदू आणि शीख वेडे हिंदुस्तानात. ही कथा फाळणीवरचा उपरोध म्हणून शिकवली जाते आणि ती तशी आहेच. पण आपल्या हदीसशेजारी ठेवून वाचली तर तिला आणखी एक धार येते. ज्यांच्यावरून अल्लाहनं कलम उचललं, त्यांच्या नावापुढे सरकारच्या कलमानं धर्म लिहिला. ज्यांना नमाजीचा जाब नाही, त्यांना धर्माच्या नावावर सरहद्द ओलांडायचा जाब द्यावा लागला. बिशन सिंहला एकच गोष्ट हवी असते, आपलं गाव कुठे आहे त्याचं उत्तर. ते कुणालाही देता येत नाही. मंटो त्याला ना संत करतो ना शहाणा. त्याच्या प्रश्नाला उत्तर न देऊ शकणाऱ्यांची वही तो उघडतो. म्हणून ही कथा मला या विषयावरची सर्वांत खरी वाटते.

२०१० चा करण जोहरचा ‘माय नेम इज खान’ याच्या उलट टोकाला जातो. रिजवान खानला अस्पर्गर सिंड्रोम आहे, बौद्धिक अपंगत्व नाही, पण प्रेक्षकांच्या डोक्यात ही सरमिसळ होतेच. या चित्रपटाचा पहिला भाग मी पुन्हा पुन्हा बघते तो जरीना वहाब यांनी केलेल्या आईसाठी. बोरीवलीत १९८३ च्या दंगलीच्या काळात मुलानं बाहेरचं विषारी बोलणं जसंच्या तसं उचललं, तेव्हा ती त्याला रागावत नाही. कागदावर चित्रं काढून समजावते, की माणसं दोनच प्रकारची, चांगली आणि वाईट. अमूर्त गोष्ट डोळ्यांना दिसेल अशी करून शिकवायची, हेच तर विशेष शिक्षणातलं मुख्य तंत्र आहे. आणि ते शिक्षण फळतं. पुढे लॉस एंजेलिसच्या मशिदीत हिंसेची भाषा करणाऱ्या डॉक्टरला रिजवान एकटाच भर मजलिसमध्ये अडवतो, इब्राहीमच्या कुर्बानीचा आईनं सांगितलेला अर्थ ऐकवून. इथे तो जबाबदार मुसलमान आहे, त्याच्या समजेएवढा आणि त्याच्या पद्धतीनं.

पण मग चित्रपटाची हाव सुटते. त्याच्या खांद्यावर आधी बायकोचा राग, मग पूर येऊन बुडालेलं अख्खं गाव, मग अमेरिकेतल्या सगळ्या मुसलमानांचं निर्दोषत्व. राष्ट्राध्यक्षांना भेटून ‘मी दहशतवादी नाही’ हे त्यानं सांगायचं. ज्याच्यावरून कलम उचलायचं, त्याच्याच हातात साऱ्या कौमचा हिशेब दिला. मुसलमान शहाणा असून विश्वासाचा ठरत नाही, म्हणून पडद्यावर इतका निष्पाप मुसलमान लागला, असं मला वाटतं. शिवाय त्याला कुठलंही यंत्र दुरुस्त करता येतं. काही अचाट कौशल्य असेल तरच या मुलांना मान, हा आपल्या चित्रपटांचा जुना करार आहे. खालाच्या मुलाला काहीच दुरुस्त करता येत नाही. त्याला मान मिळायला तेवढं पुरे नाही का?

मराठी घरांची या विषयाची आठवण म्हणजे १९९१ चा ‘चौकट राजा’. संजय सूरकर यांचं दिग्दर्शन, दिलीप प्रभावळकरांचा नंदू. यात मुसलमान घर नाही, पण कलमाचा प्रश्न आहे. बालपणीच्या अपघातानं नंदूची वाढ थांबलेली, आणि मोठेपणी पुन्हा भेटलेली मैत्रीण मीनल आपल्या डोक्यावरचं देणं ओळखते. नवरा, शेजार, सोसायटी यांना ते देणं दिसत नाही. चित्रपटाचं मोठेपण इथे आहे: नंदूची परीक्षा नाही, परीक्षा भोवतालच्यांची आहे. सुलभा देशपांडेंनी केलेली आई बघताना आपल्या ओळखीची एखादी आई आठवतेच. तरीही एक तक्रार राहते. नंदू आपल्याला आवडतो तो निरागस आहे म्हणून. निरागसपणाच्या पैशात प्रेम विकत घ्यावं लागणारा मुलगा चिडला, खोटं बोलला, त्यानं हात उगारला, तर प्रेक्षक त्याच्या बाजूनं उभा राहील का? प्रत्यक्ष घरात यातला प्रत्येक प्रसंग येतो.

पाया पडण्यातही सुटका नाही. आपल्याकडे वेडाला दैवी मानायची परंपरा दोन्हीकडे आहे. सूफींमध्ये मजजूब आहेत. महानुभावांचे रिद्धपूरचे गोविंदप्रभू लोकांना वेड्यासारखे वागताना दिसतात, आणि म्हाइंभट त्याच लीळा परमेश्वराच्या म्हणून नोंदवतो. तिथे निदान माणूस जेवतो, रुसतो, हट्ट करतो, पूर्ण माणूस दिसतो. पण पाकिस्तानातल्या गुजरात शहरात शाह दौलाच्या दर्ग्यावर लहान डोक्याची मुलं सोडायची प्रथा होती. लोक त्यांना ‘शाह दौलाचे चुहे’ म्हणायचे, दुवा मागायचे आणि त्यांच्या हाती भिकेचा कटोरा असायचा. पूजा केली आणि सोडून दिलं. घरी चहा पिऊन ‘जन्नती आहे’ म्हणणं ही त्याचीच सभ्य आवृत्ती आहे.

राहिलं सरकारचं कलम. आपला कायदाही ते उचलतो. १८६० च्या दंडसंहितेत कलम ८४ होतं. मनाच्या विकलतेमुळे कृत्याचं स्वरूप न कळणाऱ्याचा गुन्हा धरला जात नसे. नव्या न्याय संहितेत ते कलम २२ आहे. पण कायदा पुढचंही बोलतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १८ वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमायची सोय आहे. त्यासाठी जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. आई-बाप आपल्या नंतरचा पालक कोण, हे जिवंतपणी ठरवू शकतात. ही माहिती आमच्या मशिदीच्या फळ्यावर मी कधी वाचलेली नाही, मेहरची आणि मय्यतीची वाचली आहे. शिवाय जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग, पोलादपुराहून शंभराहून अधिक किलोमीटरवर. आपल्या मागे मुलांचं काय, या भीतीतून पालकांनी एकत्र येऊन बदलापूरला ‘आधार’सारखी मोठ्या मुलांची निवासी संस्था उभी केली. एखाद्या जमातनं मनावर घेतलं तर निदान अलिबागला जायला एक गाडी आणि अर्ज भरायला एक शिकलेला मुलगा देणं अवघड नाही. जमातकडे जकात आहे, मुलं आहेत, जागा आहे.

टीकाकार म्हणून मला पुढच्या गोष्टींकडून काय हवं आहे, तेही सांगते. मला कोकणातल्या एका मुस्लिम घराची मराठी कथा वाचायची आहे, जिच्यात २२ वर्षांचा मुलगा अर्धा रोजा धरतो, दुपारी भजी खातो आणि संध्याकाळी सगळ्यांच्या आधी खजुरासाठी हात पुढे करतो. कुणी त्याला पापी म्हणत नाही, कुणी वलीही म्हणत नाही. सफेत तो बापाच्या शेजारी उभा आहे, चुकीच्या वेळी वाकतो आहे. त्याची बहीण वैतागलेली आहे आणि तो वैताग लेखकानं लपवलेला नाही. आई एका दुपारी दोन तास झोपते, कारण शेजारची बाई येऊन बसली आहे.

यादीतला पहिला माणूस आठवतो? झोपलेला. ज्याच्यावरून कलम उचललं जातं तो. त्या आईला ते दोन तास मिळायचे असतील, तर तेवढा वेळ कलम दुसऱ्या कुणीतरी हातात धरलं पाहिजे. शेजारणीनं, काकानं, इमामानं, समितीनं, जो जवळ असेल त्यानं.